शाईखालची पेन्सिल

आत्या वही वाचत नव्हती, ती तिरकी धरून बघत होती. अठ्ठावीस वर्षं शाळेत घालवलेल्या बाईला मुलांच्या वह्या वाचाव्या लागत नाहीत, नुसत्या चाळल्या तरी कळायचं ते कळतं. तिने वही खिडकीच्या उजेडाकडे वळवली, पानावरून अंगठा फिरवला, चष्मा काढून रुमालाने पुसला आणि पुन्हा बघितलं. मग दुसरी वही घेतली, मग तिसरी.

दुपारचं जेवण नुकतंच उरकलं होतं. रविवारी शिवणकाम बंद, म्हणून पुढच्या खोलीतलं कापड बेतायचं लांब टेबल मोकळं. आठवडाभर त्याच्यावर लोकांचे कोट पसरायचे, रविवारी त्याच्यावर घर जेवायचं. आज ताटं उचलली आणि त्या जागी बटणच्या सात वह्या आल्या. बटण म्हणजे घरातली एकुलती एक नात, वय साडेनऊ. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव; आता पोर उंच झाली तरी नाव काही वाढलं नाही. मोठ्यांचं बोलणं आहे म्हणून तिला मागच्या खोलीत धाडलं होतं. म्हणजे ती दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती.

बोलणं शाळेतून आलेल्या एका पत्रावरून. दहा दिवसांपूर्वी वर्गशिक्षिकेने कळवलं होतं की मुलीच्या वह्या इतक्या देखण्या आहेत की बाकीच्या मुलांना दाखवाव्यात, आणि सहामाहीचे पाचही पेपर कोरे आहेत. प्रत्येकावर तिने नाव घातलं, नावाखाली पट्टीने रेघ मारली आणि दोन तास हाताची घडी घालून बसली. रडणं नाही, त्रास नाही. मूल हुशार आहे पण शिकायची इच्छा दिसत नाही, असं बाईंचं मत. फेरपरीक्षा आता पंधरा दिवसांवर आली होती, तिच्यातही असंच झालं तर वर्ष पुन्हा.

पत्राची बातमी आत्याला फोनवर कळली आणि तिने फोनवरच निकाल लावून टाकला. पोर माझ्याकडे पाठवा. ती दुसऱ्या गावातल्या शाळेची मुख्याध्यापिका, घरात एकटी, वर्गात एक जागा होती, ती उद्या दुपारपर्यंत धरून ठेवलेली. सकाळच्या बसने ती आली होती, उद्या सकाळच्या बसने बटणला घेऊन जाणार होती. आजोबांना हे पटलं होतं. बटणचे वडील ‘बघू’ म्हणाले होते, आणि या माणसाचा ‘बघू’ म्हणजे होच असतो, फक्त उशिरा येतो. राहिली बटणची आई. ती जेवताना एक शब्द बोलली नव्हती. लग्न होऊन या घरात आल्याला तिला अकरा वर्षं झाली होती, आणि ती गप्प राहिली की तिचा होकार धरायची घराला सवय होती.

“शाईच्या खाली पेन्सिल आहे,” आत्या म्हणाली. “प्रत्येक पानावर. आधी कोणीतरी पेन्सिलीने हलकं लिहिलंय आणि पोरीने ते शाईने गिरवलंय. कोणाचं अक्षर आहे हे?”

“माझं,” आई म्हणाली.

तिला यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं, हीच तर गंमत. या घरात शिकवायची दुसरी रीत कुणाला माहीत नव्हती. आजोबांच्या वडिलांनी दुकान काढलं तेव्हापासूनचा नियम होता: थोरल्याने कापडावर खडूची रेघ मारायची, धाकट्याने तिच्यावरून कात्री चालवायची. आजोबा सात वर्षं वडिलांच्या रेघेवर कापत होते. बटणचे वडील आजोबांच्या रेघेवर कापत मोठे झाले. आई नवी सून म्हणून आली तेव्हा तिलाही शिवण येत नव्हती, तिलाही सासऱ्यांनी असंच शिकवलं, आणि रागावले कधी नाहीत. कारण रेघ त्यांचीच असायची, चुकणार काय? तेव्हा पोर पहिलीत पहिल्यांदा अक्षराला अडली, रडायला लागली, तशी आईने पेन्सिल घेतली आणि हलक्या हाताने लिहून दिलं. पोरीने सुंदर गिरवलं. बाईंनी वहीत तारा काढून दिला. तिसरीपर्यंत घरच्या वह्या आणि तोंडी परीक्षा यांवरच वर जाता यायचं, म्हणून तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

हे ऐकून वडिलांना एकदम कंठ फुटला. असा लाड करशील तर पोर पांगळी होणार नाही तर काय, मला एका शब्दाने सांगायचं तरी, असं बरंच काही ते बोलले. आईने त्यांना पुरतं बोलू दिलं. मग सातांतली एक वही काढून त्यांच्यासमोर उघडली. गणिताची. गणितं रोज संध्याकाळी वडील घ्यायचे. त्यातले सात आणि नऊ पेन्सिलीत कोणाचे होते ते शेजाऱ्यालाही ओळखता आलं असतं. वडिलांनी वही मिटून बाजूला सारली. चित्रकलेची वही कोणी उघडली नाही, पण आजोबांनी ती हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

आत्याला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. तिला संताप आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटली होती. ती या घरात वाढली होती. तिने दाराकडे तोंड करून हाक मारली आणि बटण लगेच बाहेर आली, फार लगेच.

आत्याने तिला समोर बसवून विचारलं, दीड मीटर कापडातून तीस सेंटिमीटरचे चौकोनी रुमाल किती निघतील?

“पन्हा किती?” बटणने विचारलं.

“म्हणजे?”

“कापडाची रुंदी गं. नव्वदचा पन्हा असेल तर पंधरा निघतील, साठचा असेल तर दहा. तू काही सांगितलंच नाहीस.”

वडिलांना अशा वेळीही अभिमान लपवता आला नाही. आत्याने आणखी तीन-चार प्रश्न विचारले. एका प्रश्नात तिचीच चूक निघाली. मग तिने कोरा कागद पुढे सरकवला आणि हेच लिहून दाखव म्हणाली. बटणने पेन हातात घेतलं. कागदाकडे पाहिलं, कागद उचलून उजेडात धरला, उलटा करून पाठीमागून बघितला. आईला ते पाहवेना.

“यावर काहीच नाहीये,” बटण म्हणाली.

“नाहीच आहे. तू लिहायचंय.”

“मग नको.”

“का नको? येतंय तुला सगळं.”

“चुकेल.”

“चुकलं तर खोडायचं. त्यात काय एवढं?”

बटणने आत्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. शाळेची मुख्याध्यापिका, आणि हिला एवढंही माहीत नाही. “कापलेलं कापड पुन्हा जुळत नाही, आत्या,” ती समजावत म्हणाली.

हे वाक्य आजोबांच्या वडिलांचं. आजोबा ते दिवसातून दोनदा म्हणायचे, वडील चारदा. साडेनऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून ते पहिल्यांदाच आलं होतं आणि टेबलाभोवती कोणाला कोणाकडे बघता येईना.

आत्या उठून खिडकीशी गेली. पाठमोरी राहूनच बोलली. “बाबा, हे मी चौदाव्या वर्षी ऐकलं होतं. करड्या कापडाचा कोट होता. तुम्ही बाहेर गेला होतात. मला वाटलं, आपण रेघेशिवाय कापून दाखवू. पाठ दोन बोटं कमी कापली. तुम्ही आलात, बघितलंत, हे वाक्य म्हणालात आणि कात्री माझ्या हातातून घेतलीत. मारलं नाहीत. ओरडला नाहीत. पण ती कात्री पुन्हा कधी दिलीही नाहीत. म्हणून म्हणते, हिला इथून नेऊ द्या. तुम्ही सगळे तिच्यावर जीव टाकता, मला दिसतं. पण या घरात पोराला चुकायला जागा नाही.”

आजोबांना आजवर वाटत आलं होतं की आपल्या लेकीला शिवणकामाची लाज वाटत होती, म्हणून ती शिकून दूर गेली. छत्तीस वर्षं त्यांनी तो राग मनात ठेवला होता, तिच्या प्रत्येक पगारवाढीला थोडा वाढवला होता. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि आपला कोट घेऊन आले. बाहेरच्या माणसांत जायचं झालं की अंगावर चढवायचे तोच, दुसरा त्यांच्याकडे नव्हताच.

“ओळख,” ते म्हणाले.

“तुमचा कोट आहे, बाबा. आता काय त्याचं?”

आजोबांनी तो टेबलावर उलटा पसरला आणि ब्लेडने अस्तराची शिवण पाठीवर वीतभर उसवली. आत, मधोमध, वरपासून खालपर्यंत दोन बोटं रुंदीची एक पट्टी जोडलेली होती. करडी, त्याच कापडाची. टाके इतके बारीक होते की बटणला नाक टेकवून बघावं लागलं.

“गिऱ्हाइकाला मी नवीन कापड आणून दुसरा शिवून दिला,” आजोबा म्हणाले. “हा जोडला आणि स्वतः घातला. तुझ्या पदवीच्या समारंभाला हाच घालून आलो होतो. तुझी आई गेली तेव्हाही हाच अंगात होता. कोणाला दिसलं नाही.”

आत्याने पट्टीला हात लावला नाही. “मला का नाही सांगितलंत?”

“वाटलं, सांगितलं तर तुझी कात्रीची भीती जाईल, आणि ती तर असायलाच हवी.”

“ती गेली असती तर मी राहिले असते, बाबा.”

आजोबांनी अस्तर खाली सोडलं, पुन्हा वर उचललं. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि त्यांना ते कसं सांगायचं ते येत नव्हतं, आयुष्यात कधी शिकलेच नव्हते. त्यांची अडचण बटणने सोडवली. तिने त्या शिवणीवरून बोट फिरवत विचारलं की असं किती वेळा जोडावं लागतं?

“आठवड्यातून एकदा तरी.”

“बाबांचं चुकतं म्हणून?”

“तुझ्या बाबाचं, माझं. माझ्या वडिलांचंही चुकायचं. चांगला शिंपी तोच, ज्याचं जोडलेलं दिसत नाही.”

“मग तुम्ही सगळे खोटं का सांगता?” बटणने विचारलं. आणि कात्रीसाठी हात पुढे केला. “मला कापायला द्या. खडू न मारता.”

आत्याला मानेचं दुखणं होतं. बसच्या प्रवासात मानेमागे ठेवायला ती एक छोटी उशी जवळ बाळगायची, आणि तिचा अभ्रा विटला होता. ठरलं की बटणने तिला नवा अभ्रा करायचा. वडिलांनी चिंध्यांच्या पेटीत हात घातला तशी बटण म्हणाली, चिंधी नको, चिंधीवर चुकलं तर ते चुकणं मोजतच नाहीत. आजोबांनी फळीवरून नव्या निळ्या कापडाचा तुकडा काढून दिला.

तिने उशी मापली. बेचाळीस लांब, अठ्ठावीस रुंद. मापं विसरतील म्हणून मघाच्याच कोऱ्या कागदावर तिने दोन आकडे टाकले, वाकडे, एक मोठा आणि एक लहान. आपण काय केलं ते तिच्या लक्षातही आलं नाही. आईच्या मात्र आलं. तीन वर्षांत पोरीच्या हातचे हे पहिले आकडे होते ज्यांच्याखाली कोणी नव्हतं.

आणि पुढच्याच क्षणी आईला चूक दिसली. बटणने कापडावर बेचाळीस आणि अठ्ठावीसच घेतले होते. शिवणीसाठी कापड सोडलं नव्हतं. अभ्रा शिवून झाला की चारी बाजूंनी सेंटिमीटर-सेंटिमीटर आत येणार आणि उशी काही त्यात शिरणार नाही. एक शब्द पुरे होता. ‘शिवण’ एवढं म्हटलं असतं तरी पोरीला कळलं असतं. आईने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनाही दिसलं होतं, ते दोन्ही तळहात मांडीखाली घालून बसले होते. वडील पाणी प्यायला उठले, आले, लगेच पुन्हा पाणी प्यायला गेले. कात्री कापडाला लागली तेव्हा आईच्या तोंडून आवाज निघालाच असता, पण आत्याने टेबलाखाली तिचं मनगट धरलं होतं. घट्ट धरलं होतं. अकरा वर्षांत या दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच बसल्या होत्या.

कात्री शेवटपर्यंत गेली. दोन तुकडे झाले. वडिलांनी मशिनचं चाक फिरवलं, बटणने तीन बाजू शिवल्या, उलटून सरळ केलं आणि उशी आत कोंबायला लागली. अर्धी गेली, पुढे जाईना. तिने जोर लावला. शेवटी थांबली, अभ्रा उलटा करून शिवण बघितली, आणि तिला कळलं. मग तिने वर बघितलं. चौघांचे चेहरे बघून तिला आणखी एक गोष्ट कळली.

“तुम्हाला दिसत होतं?”

“हो,” आजोबा म्हणाले.

“सगळ्यांना? आईलाही?”

“हो,” आई म्हणाली.

“मग सांगितलं का नाहीस? तू नेहमी सांगतेस.”

“कापड तुझं होतं,” एवढंच आईला जमलं.

बटणने अभ्रा जमिनीवर टाकला आणि टेबलाखाली जाऊन बसली. तिथून हुंदके ऐकू आले. कोणी खाली वाकलं नाही. सांगायला सोपं आहे, पण चार मोठी माणसं भोवती बसून एका पोराचं रडणं ऐकतात तेव्हा पाच मिनिटं पाच मिनिटांची राहत नाहीत. आजोबा मध्येच म्हणाले की आता बास, मी सांगतो तिला, आणि वडिलांनीच त्यांना हाताने खाली बसवलं. बापाला मुलाने असं बसवायची या घरातली ही पहिली वेळ. मग हुंदके थांबले, आणि काही वेळाने टेबलाखालून हात बाहेर आला. त्याने अभ्रा आत ओढून घेतला.

“आजोबा,” खालून आवाज आला, “दोन तुकड्यांच्या मधे चारी बाजूंनी पट्टी घातली तर? मग उशीला पोटात जागा होईल.”

“मला काय विचारतेस?” आजोबा म्हणाले.

ती बाहेर आली. डोळे पुसायचेही राहिले होते. कागद ओढून तिने बेचाळीस, अठ्ठावीस, पुन्हा बेचाळीस, पुन्हा अठ्ठावीस अशी बेरीज मांडली. एकशे चाळीस आले. अभ्र्याकडे बघून तिने ते खोडलं, इतक्या जोरात की कागद जरासा फाटला. शिवण दोन्हीकडून सेंटिमीटरभर आत येते, तेव्हा चाळीस आणि सव्वीस धरायला हवेत. एकशे बत्तीस.

आत्या आईला घेऊन खिडकीपाशी गेली आणि हळू आवाजात बोलली. म्हणाली, ही एका दुपारची गोष्ट आहे, भारावून जाऊ नकोस. पंधरा दिवसांत पाच विषय. माझ्याकडची जागा उद्या दुपारपर्यंतच आहे, नंतर मला मागता यायची नाही. रोज संध्याकाळी ती अडेल, रडेल, तुझा हात पेन्सिलीकडे जाईल. या घरात तुला साथ द्यायला मी नसेन. आणि आत्या खोटं बोलत नव्हती, तिला खरोखरच भाचीला इथे सोडवत नव्हतं.

“राहू दे तिला इथे,” आई म्हणाली.

“आणि नापास झाली तर?”

आईने वळून टेबलाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता, पण बोलली ते अगदी सरळ बोलली. “होऊ दे, ताई. नापास तरी ती स्वतः होईल. आत्तापर्यंत पास मी होत होते.”

आत्याने पिशवीतून फोन काढून शाळेच्या कारकुनाला लावला आणि ती जागा दुसऱ्या कोणाला द्यायला सांगितली.

टेबलाशी बटणने एकशे बत्तीसचे दोन भाग केले होते, कारण उरलेल्या कापडात एवढी लांब पट्टी एका तुकड्यात निघत नव्हती. सहासष्ट. पट्ट्या एकमेकींना जोडायला एक सेंटिमीटर जास्त हवा, हे तिला आपणहून सुचलं. तिने सदुसष्ट लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. पट्टीला टोकं दोन असतात, अडुसष्ट हवे होते. आजोबांनी ते पाहिलं, वडिलांनी पाहिलं, खिडकीशी उभ्या असलेल्या आईनेही पाहिलं, आणि बटणने कात्री उचलली तरी कोणी काही बोललं नाही.